लॅपटॉपाची पारख

आज ज्या वस्तूविषयीं मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें, ती वस्तु माझ्या नोकरीच्या पहिल्या कित्येक वर्षांत मीं डोळ्यांनीं पाहिलीहि नव्हती. खडू, फळा, छडी आणि हजेरीचें पुस्तक एवढ्या साधनांवर ज्याची शाळामास्तरकी सुरू झाली, त्या माझ्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या माणसानें लॅपटॉपावर भाषण करावें, हें कित्येकांस धाडसाचें वाटेल. परंतु यंत्राच्या पोटांतील विद्या मी सांगणार नाहीं. ती सांगणारे तरुण घरोघर आहेत. मला सांगावयाचें आहे तें एका गिऱ्हाइकानें दुसऱ्या गिऱ्हाइकास सांगावें असें, आणि तेंहि मी एकदां ठेंच खाऊन शिकलों म्हणून.

बारावीचे निकाल लागले व महाविद्यालयांतले प्रवेश झाले, कीं नागपुरांतील पुष्कळ आईबाप मुलाला बरोबर घेऊन बर्डीवर लॅपटॉप घेण्यास निघतात. मध्यम स्थितीच्या घरांत फीच्या खालोखाल एकरकमी होणारा खर्च बहुधा हाच. तो पाण्यांत जाऊं नये, एवढाच ह्या भाषणाचा हेतु.

माझ्या लेकीची लेक अभियांत्रिकी शिकण्यासाठीं यवतमाळहून आमच्या घरीं राहावयास आली, तें साल २०२२. तिच्या लॅपटॉपाचा खर्च मीं मोठ्या हौसेनें अंगावर घेतला, आणि खरेदीलाहि मीच बरोबर गेलों. एरव्हीं साधा माठ घ्यावयाचा झाला तरी मी तो टिचकी मारून घेतों. पण त्या दिवशीं दुकानांतल्या झगमगाटांत माझी सारी पारख बाहेर जोड्यांजवळच राहिली म्हणा ना! दुकानदारानें वहीसारखा पातळ, रुपेरी रंगाचा एक लॅपटॉप पुढें केला. "ह्याचा वेग पाहा, ह्याचा पडदा पाहा," असें तो सांगत गेला. आम्ही पाहत गेलों. आणि मीं पैसे मोजले.

पंधराव्या महिन्यांत, एका संध्याकाळीं, झाकण उघडतांना कट्‌दिशीं आवाज झाला. उजव्या बाजूची बिजागरी उखडली, पडदा काळा पडला, आणि यंत्र पुनः सुरू होईना. दुसऱ्या दिवशीं तिला सबंध सत्राचें काम महाविद्यालयांत सादर करावयाचें होतें, आणि तें सारें त्या पेटींत अडकून पडलेलें. वॉरंटी बारा महिन्यांची. ती संपून तीन महिने होऊन गेलेले. पोर रडली नाहीं. ती नुसती गप्प बसली, आणि तेंच मला अधिक लागलें.

माझा एक जुना विद्यार्थी बर्डीच्या एका गल्लींत दुरुस्तीचें दुकान चालवितो. रात्रीं नऊ वाजतां आम्ही त्याच्याकडे गेलों. त्यानें पेटी उघडली आणि भिंग माझ्या हातीं दिलें. "गुरुजी," तो म्हणाला, "बिजागरी पोलादाची आहे, तिला कांहींच झालेलें नाहीं. ती ज्यांत रोवली आहे तें प्लॅस्टिक पाहा." खरेंच, स्क्रू धरून ठेवणारे पितळेचे बारीक नट पातळ प्लॅस्टिकांत बसविलेले होते. बिजागरी दिवसेंदिवस घट्ट होत गेली, झाकण उघडतां-मिटतां सारा ताण त्या नटांवर पडत गेला, आणि शेवटीं ते प्लॅस्टिकसकट उपटून आले. उपटतांना मदरबोर्डाचा एक कोपराहि चिरला. यंत्राची स्मरणशक्ति, म्हणजे रॅम, त्याच मदरबोर्डावर झाळून पक्की केलेली. तेव्हां एक बदलावयाचें तर दुसरी विकत घेणें आलेंच. नवा मदरबोर्ड आणि नवें कवच मिळून खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याच्या वर जात होता.

दैवानें एक गोष्ट चांगली निघाली. एसएसडी म्हणतात ती साठवणीची पट्टी सुटी होती. त्यानें ती काढली, दुसऱ्या यंत्राला जोडली, आणि मुलीचें काम तिच्या हवालीं केलें. मग मला म्हणाला, "गुरुजी, ही पट्टीहि झाळलेली असती, तर आज रात्रीं मी काय करणार होतों?"

श्रोते हो, माझ्या भाषणाचें सार ह्या एका प्रश्नांत आहे. जी मोडत नाहीं ती वस्तु टिकाऊ, असें मी जन्मभर समजत आलों. तशी वस्तु जगांत नाहीं. जी सहजासहजीं मोडत नाहीं, आणि मोडलीच तर जोडतां येते, ती टिकाऊ. ह्या व्याख्येचीं दोन्ही अंगें तपासल्याशिवाय लॅपटॉप घेऊं नये.

पहिलें अंग मजबुतीचें. त्याची परीक्षा दुकानांतच, परवानगी घेऊन, पांच मिनिटांत होते. झाकण मध्यभागीं धरून सावकाश उघडा. तें एका संथ गतीनें उघडलें पाहिजे; मध्येंच अडतां कामा नये, आणि उघडतांना बिजागरीजवळच्या कवचांत फट दिसतां कामा नये. टेबलावर हलकेंच थोपटा. पडदा बराच वेळ डुलत राहिला तर सांधा कच्चा समजावा. कळफलकाच्या मधोमध बोट दाबून पाहा. तो खाटेच्या सैल नवारीसारखा खालीं जाऊं नये. उघडें यंत्र खालच्या भागाच्या एका कोपऱ्याला धरून किंचित्‌ उचला. कुरकुर ऐकूं आली तर कवचाला आधार कमी आहे. ह्यासाठीं इंजिनीयर असावें लागत नाहीं. आपल्या आज्या-पणज्या भांडीं घेतांना जें करीत, तेंच हें.

कवच धातूचें असावें कीं प्लॅस्टिकचें, हा प्रश्न नेहमीं विचारला जातो. १९८२ सालीं ग्रिड कंपास नांवाचा झाकण मिटणारा संगणक बाजारांत आला. आजच्या लॅपटॉपाची घडण ज्यापासून सुरू झाली, त्यांत ह्याची गणना होते. त्याचें कवच मॅग्नेशियमच्या मिश्र धातूचें होतें, आणि अमेरिकेच्या अवकाश-यानांतूनहि तो नेला गेला. तेव्हांपासून धातूची ख्याति आहे. परंतु धातूचें नांव ऐकून भुलूं नये. पातळ अॅल्युमिनियमला पोचा पडतो, आणि पोचा आंतल्या भागांवर दाबून बसूं शकतो. उलट जाड, चांगल्या जातीचें प्लॅस्टिक धक्का सोसून पुनः सरळ होतें. खरा प्रश्न कवचाचा नाहीं. आंत सांगाडा आहे काय, आणि बिजागरी त्या सांगाड्यांत रोवली आहे कीं नुसत्या कवचांत, हा आहे. माझी रुपेरी पेटी बाहेरून धातूसारखी दिसे. आंत बिजागरीखालीं होतें तें प्लॅस्टिकच.

हल्लीं जाहिरातींत "सैन्याच्या कसोटीस उतरलेला" असे शब्द दिसतात. ती कसोटी म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें १९६२ सालीं प्रथम काढलेलें मिल-एसटीडी-८१० हें मानक. त्यांत पडणें, हादरे, उष्णता, दमटपणा, धूळ अशा पुष्कळ परीक्षा आहेत. परंतु त्यांतील कोणत्या द्यावयाच्या, हें बहुधा कारखानदारच ठरवितो, आणि सैन्य लॅपटॉपाला उत्तीर्ण झाल्याचा दाखला देत नाहीं. आमच्या शाळेंतील एखाद्या पोरानें "मी परीक्षा पास झालों" म्हणावें, पण किती विषयांत तें सांगूं नये, तशांतला हा प्रकार. म्हणून दुकानदारास सरळ विचारावें कीं, कोणत्या परीक्षा? उत्तर छापील असेल तर त्याला किंमत आहे.

आतां आपल्या गांवाकडे वळूं. नागपूरच्या मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, हें श्रोत्यांस मीं सांगावयास नको. परंतु पुष्कळ कंपन्यांच्या माहितीपत्रकांत एक ओळ बारीक टाइपांत असते, ती सहसा कोणी वाचत नाहीं. यंत्र ज्या हवेंत चालवावयाचें तिचें उष्णतामान ३५ अंशांपर्यंत असावें, असें ती ओळ सांगते. म्हणजे आपल्या माडीवरच्या खोलींत दुपारीं बारा वाजतां तें यंत्र आपल्या कराराबाहेर राबत असतें! आंतला पंखा बाहेरचीच गरम हवा ओढतो, आणि तिच्याबरोबर आपली काळ्या मातीची धूळहि. म्हणून नागपूरकरानें वारा आंत-बाहेर जाण्याच्या फटी कोठें आहेत, हें आधीं पाहावें. त्या फक्त पोटाखालीं असतील, तर गादीवर ठेवलेलें यंत्र गुदमरलेंच म्हणून समजा. पंखा काढून स्वच्छ करतां येतो काय, हेंहि विचारावें.

थंडाव्यासाठीं लॅपटॉप कूलरच्या तोंडाशीं ठेवण्याची आपली एक खोड आहे. कूलरची हवा थंड असते तशीच ती ओलीहि असते. यंत्रास ती थेट लागूं देऊं नये. बॅटरीचा तर उष्णता हा वैरीच. उन्हांत उभ्या केलेल्या मोटारींत लॅपटॉप विसरणें म्हणजे तिच्या आयुष्याचीं वर्षें कमी करणें. कित्येक यंत्रांत बॅटरी ८० टक्क्यांवर भरणें थांबविण्याची सोय असते. जें यंत्र दिवसभर विजेला जोडलेलें राहतें, त्याला ही सोय अवश्य लावावी. आणि यंत्राचें पोट किंवा बोट फिरविण्याची पाटी फुगून वर आलेली दिसली, तर बॅटरी सुजली आहे असें समजून यंत्र ताबडतोब बंद करावें, आणि तें जाणत्याकडे न्यावें. तें दाबून बसवूं नये, त्यांत आगीचें भय आहे. शेवटची घरगुती गोष्ट. धातूच्या लॅपटॉपाला हात लावतांच मुंग्या आल्यासारखें वाटलें, तर यंत्राला दोष देण्यापूर्वीं घरांतील अर्थिंग तपासून घ्यावें. जुन्या वाड्यांत तें पुष्कळदां नांवालाच असतें.

मजबुती आणि दुरुस्ती हीं दोन्ही अंगें आरंभापासून मनांत धरून एक लॅपटॉप घडविला गेला होता, आणि त्याचें पाऊल आपल्या महाराष्ट्राच्या एका लहानशा शाळेंत पडलें होतें. तो इतिहास शाळामास्तर म्हणून मला फार प्रिय आहे. अमेरिकेंतील निकोलस नेग्रोपोन्ते ह्यांनीं "एका मुलामागें एक लॅपटॉप" अशी योजना काढली. २००७ सालीं रायगड जिल्ह्यांतील खैरात ह्या खेड्यांत तिचा भारतांतील पहिला प्रयोग सुरू झाला. पहिली ते चौथीचीं वीस-बावीस मुलें, एक खोली आणि एक शिक्षक. अशा शाळेंत जें यंत्र पाठवावयाचें, तें पडणार, त्यावर धूळ बसणार आणि त्यावर पाणी सांडणार, हें घडविणाऱ्यांनीं गृहीतच धरलें होतें.

म्हणून त्यांनीं काय केलें पाहा. आंत फिरणारी चकती ठेवली नाहीं, पंखाहि ठेवला नाहीं. जें हलत नाहीं तें झिजत नाहीं. कवचाचें प्लॅस्टिक नेहमींच्या लॅपटॉपाहून जाड, सुमारें दोन मिलिमीटरांचें घेतलें. कळफलक एकसंध रबरी पापुद्र्याचा केला, म्हणजे पाणी व धूळ आंत शिरूं नये. बिनतारी यंत्राचे दोन कान वर करण्याजोगे ठेवले, आणि ते मिटले कीं त्यांखालीं बाजूचीं छिद्रें झांकलीं जात. पडदा भर उन्हांत वाचतां येईल असा केला. आणि सर्वांवर कडी म्हणजे, तो साध्या पेचकसानें उघडतां येई, व धरण्याच्या मुठीच्या आंत जादा स्क्रू ठेवून दिलेले असत! स्क्रू हरवणार, हें ज्याला आधीं सुचलें, त्यानें पोरें जवळून पाहिलीं असलीं पाहिजेत.

तें यंत्र शंभर डॉलरांत देण्याचा संकल्प होता, तो साधला नाहीं. किंमत पावणेदोनशें डॉलरांच्याहि वर गेली. आपल्या केंद्र सरकारनें २००६ सालींच ही योजना नाकारली होती, आणि जगभर तिचा प्रसार कल्पिला होता तेवढा झाला नाहीं. वेगानें तें यंत्र मंदच होतें. मी तें आज घ्या असें सांगत नाहीं. परंतु त्याच्या घडणींतला प्रश्न आपण उचलावा. "हें किती पळेल?" एवढेंच न विचारतां "हें पडलें तर काय होईल, आणि मग तें कोण उघडील?" असें दुकानांत विचारावें.

आतां दुसरें अंग, दुरुस्तीचें. चार गोष्टी विचारा. तळाचें झाकण साध्या स्क्रूंनीं उघडतें काय? बॅटरी स्क्रूंनीं बसविली आहे कीं डिंकानें चिकटविली आहे? एसएसडी सुटी आहे काय? आणि रॅम बदलतां किंवा वाढवितां येते काय? डेल, एचपी, लेनोव्हो अशा कंपन्या आपल्या पुष्कळ यंत्रांच्या दुरुस्तीच्या सचित्र पुस्तिका आपल्या संकेतस्थळांवर विनामूल्य ठेवतात. खरेदीपूर्वीं त्या उघडून पाहाव्या. बिजागरी कोठें रोवली आहे, हें त्या चित्रांत बहुधा दिसतें. फ्रान्स देशानें तर २०२१ पासून लॅपटॉपावर "दुरुस्त होण्याजोगेपणाचे" दहापैकीं गुण छापणें सक्तीचें केलें. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्कासाठीं जुलै २०२२ मध्यें समिति नेमली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ह्या विषयाचें संकेतस्थळ सुरू केलें. परंतु दुकानांत उभे असतांना गुण देणारे परीक्षक आपणच.

ह्याच अंगांत वॉरंटी येते. ती एक वर्षाची आहे कीं तीन वर्षांची, दुरुस्त करणारा घरीं येतो कीं यंत्र परगांवीं पाठवावें लागतें, अपघातानें झालेली मोडतोड तींत धरली आहे काय, हें बिलावर किंवा कागदावर लिहून घ्यावें. वेगाचे चार अंश कमी घेऊन तेवढ्या पैशांत वॉरंटीचीं दोन वर्षें वाढविलीं, तर विद्यार्थ्याला तो सौदा लाभाचा आहे.

ज्यांचा हात आंखडता आहे, त्यांना कचेऱ्यांतून तीन-चार वर्षांनीं बाहेर पडणारे जुने लॅपटॉप घेण्याचा मोह होतो, आणि तो वावगा नाहीं. कारण कचेरीच्या श्रेणीचे लॅपटॉप बहुधा अधिक दणकट आणि उघडण्यास सोपे असतात. मात्र बॅटरी किती उरली आहे हें पाहावें, जुन्या मालकाचें पासवर्डाचें कुलूप राहिलेलें नाहीं ह्याची खात्री करावी, आणि बिलाशिवाय घेऊं नये. विंडोज १० ला मिळणारें सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपलें. तेव्हां जुनें यंत्र विंडोज ११ चालविण्यास पात्र आहे काय, हेंहि विचारावें. शरीर धडधाकट आणि विद्या कालबाह्य, अशी गत व्हावयास नको. शाळामास्तरांना हें दुःख चांगलें ठाऊक असतें!

आमच्या घरची गोष्ट पुरी करतों. दुसऱ्या खेपेस नातीनें आधीं पुस्तिका वाचल्या, माझ्या विद्यार्थ्यानें तीन नांवें सुचविलीं, आणि मीं दुकानांत टिचक्या मारल्या. निवडला तो काळा, जाडसर, कचेरीच्या श्रेणीचा. नातीचा चेहरा उतरला. "आबा, हा बँकेंतून उचलून आणल्यासारखा दिसतो. मैत्रिणी हंसतील," ती म्हणाली. मीं सांगितलें, "बाळ, पैसे माझे असले तरी ओझें तुझें आहे. तुला नको असेल तर नको घेऊं." तिनें झाकण दोनदां उघडलें, दोनदां मिटलें, उजव्या बिजागरीकडे टक लावून पाहिलें, आणि म्हणाली, "घेऊं."

त्या लॅपटॉपावर नागपूरचे दोन उन्हाळे गेले. एकदां त्यावर चहा सांडला. तिनें घाबरून न जातां विजेची तार काढली, यंत्र बंद केलें, तें उलटें धरलें, आणि तसेंच दुकानांत नेलें. कळफलक बदलावा लागला, पण तेवढ्यावर भागलें. रॅम वाढविली ती तिची तिनेंच, पेचकस घेऊन, माझ्या जेवणाच्या टेबलावर. मी शेजारीं दिवा धरून उभा होतों. मदरबोर्डाकडे बोट दाखवून ती मला एकेक भाग समजावून सांगत होती, आणि मी वर्गांतल्या पोरासारखा माना डोलवीत होतों.

पहिल्या पेटींतील ती सुटी पट्टी एका लहान डबींत बसवून तिनें जवळ ठेवली आहे. परीक्षेच्या आधीं सर्व कामाची एक प्रत ती तींत उतरवून ठेवते. यंत्र कितीहि दणकट असो, आपलें काम दोन ठिकाणीं असावें, हा धडा तिला मीं दिलेला नाहीं; त्या कट्‌दिशीं झालेल्या आवाजानें दिला. आपल्या घरीं तो आवाज होण्यापूर्वींच हा धडा पोंचावा, अशी इच्छा करून मी आपली रजा घेतों.